कागद नाहीत, पण प्रिन्स्टनला जायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न अमेरिकेतल्या मराठी घरांतून येत राहतात. कुणी लहानपणी आईवडिलांबरोबर टूरिस्ट व्हिसावर आलं आणि राहिलं. कुणाच्या वडिलांची एच-१बी या कामाच्या व्हिसावरची नोकरी गेली आणि सगळं घर एका झटक्यात ‘आउट ऑफ स्टेटस’ झालं, म्हणजे इथे राहण्याचा कायदेशीर दर्जा (स्टेटस) गेला. विचारणारे बहुतेक वेळा मावशी किंवा मामा असतात, आणि पहिलं वाक्य असतं ‘एका ओळखीच्यांसाठी विचारतेय’. चालेल, ओळखीच्यांसाठीच समजू.

आपल्यात असं कुणी नसतं, हा समज आधी बाजूला ठेवा. प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये अमेरिकेत कागदांविना राहणारे भारतीय सुमारे ७ लाख २५ हजार होते. गृहसुरक्षा खात्याचा त्याच वर्षाचा अंदाज बराच कमी, २ लाख २० हजारांचा आहे. कमी आकडा धरला तरी एखादं मध्यम शहर भरेल.

मी वकील नाही. खालची माहिती २०२५ अखेरपर्यंतची आहे आणि यातल्या निम्म्या गोष्टी कोर्टात अडकलेल्या आहेत. निर्णय घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. टॅक्स भरून देणाऱ्या काकांना विचारून निर्णय घेऊ नका.

१. मुळात स्टेटस नसताना अमेरिकेत कॉलेजला प्रवेश मिळतो का? ते बेकायदेशीर नाही?

मिळतो, आणि बेकायदेशीर नाही. अशा विद्यार्थ्याला प्रवेश देऊ नका असं सांगणारा कोणताही केंद्रीय कायदा नाही. बारावीपर्यंतच्या सरकारी शाळेचा हक्क तर सर्वोच्च न्यायालयानेच दिलेला आहे: १५ जून १९८२ चा ‘प्लायलर विरुद्ध डो’ हा निकाल, पाच विरुद्ध चार मतांचा. टेक्सासला कागद नसलेल्या मुलांना शाळेबाहेर ठेवायचं होतं, कोर्टाने नाही म्हटलं.

हा हक्क बारावीला संपतो. पुढे राज्य आणि विद्यापीठ ठरवेल तसं. अलाबामा आणि साउथ कॅरोलायना सरकारी कॉलेजांत अशा मुलांना घेत नाहीत, आणि जॉर्जियाने २०१० मध्ये आपल्या सर्वांत चुरशीच्या सरकारी विद्यापीठांची दारं त्यांना बंद केली. खासगी विद्यापीठांना यातलं काही लागू नाही. म्हणून गंमत अशी की जॉर्जियातल्या मुलाला राज्याच्या मुख्य विद्यापीठापेक्षा येलचं दार अधिक उघडं असतं, अर्थात मार्क असतील तर.

२. अर्जात सिटिझनशिप विचारतात. तिथे काय लिहायचं? सोशल सिक्युरिटी नंबर नाही.

खरं लिहायचं. कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांसाठीचा एकच अर्ज) सोशल सिक्युरिटी नंबर ऐच्छिक आहे, रिकामा सोडा. नागरिकत्वाच्या प्रश्नात कागद नसलेल्यांना लागू पडणारा पर्याय असतो, तो निवडा. ‘यूएस सिटिझन’ कधीही निवडू नका. ते का, हे प्रश्न ९ मध्ये आहे, आणि या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर तो वाचा.

निबंधात हा विषय लिहावा का, असं मुलं विचारतात. लिहायलाच हवा असं नाही. काही मुलांना वाटतं की दुःख विकल्याशिवाय आयव्ही लीगमध्ये घेत नाहीत. मला हे पटत नाही. गणिताचं वेड असेल तर गणितावर लिहा. घरची परिस्थिती कौन्सेलरच्या पत्रातूनही पोचवता येते, पण त्यासाठी कौन्सेलरला ती माहीत हवी.

३. खर्च वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलर. तो कोण देणार?

केंद्र सरकार नाही. पेल ग्रँट (केंद्राचं अनुदान), सरकारी विद्यार्थी कर्ज, फेडरल वर्क-स्टडी (केंद्राच्या मदतीने मिळणारं पगारी काम), सगळं बंद. त्यामुळे ज्याला स्वतःला स्टेटस नाही त्याने फाफ्सा (केंद्राच्या मदतीचा अर्ज) भरून उपयोग नाही.

देणार आहे ते विद्यापीठ, स्वतःच्या निधीतून. मध्यमवर्गीय मराठी घरांना ही गोष्ट ऐकून खरी वाटत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, अ‍ॅमहर्स्ट, बोडन ही विद्यापीठं प्रवेश ठरवताना पैशांची ऐपत पाहत नाहीत, परदेशी आणि कागद नसलेल्या मुलांचीही नाही. प्रवेश दिला की जितकी गरज तितकी मदत करतात. प्रिन्स्टनने २०२५ मध्ये जाहीर केलं की दीड लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांना शिकण्या-राहण्याचा काहीच खर्च पडणार नाही. हार्वर्डमध्ये २०२५-२६ पासून ही मर्यादा एक लाख आहे, आणि दोन लाखांपर्यंत ट्यूशन माफ. या खर्चाच्या आकड्याला घाबरून ‘आधी कम्युनिटी कॉलेज करू’ म्हणणाऱ्या घरांना मी दरवेळी सांगते, हुशार मुलाला सर्वांत महाग दिसणारं कॉलेज सर्वांत स्वस्त पडू शकतं.

मदतीसाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल (कॉलेजांच्या स्वतःच्या मदतीसाठीचा अर्ज) भरावं लागतं, त्याला सोशल सिक्युरिटी नंबर लागत नाही. वडील रोखीने पगार घेत असतील आणि टॅक्स रिटर्न नसेल तर कॉलेज मालकाचं पत्र किंवा स्वतःचं निवेदन मागतं. शक्य असेल तर आयटिन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा करदाता क्रमांक) काढून रिटर्न भरलेलं बरं, पण प्रश्न १६ मधला इशारा वाचूनच.

मात्र अशी कॉलेजं मोजकीच आहेत. याच दर्जाच्या इतर अनेक खासगी विद्यापीठांत ‘परदेशी’ गटात पैशांची ऐपत पाहिली जाते. त्या विद्यापीठाच्या पानावर कागद नसलेल्यांना कोणत्या गटात धरतात ते पाहा, नाही सापडलं तर नाव न सांगता अ‍ॅडमिशन ऑफिसला फोन करा.

४. आणि बर्कली, यूसीएलए, मिशिगन, ऑस्टिन? तीही मोठीच नावं आहेत.

मोठी आहेत, पण सरकारी आहेत, म्हणून राज्य पाहावं लागतं. कॅलिफोर्नियात २००१ चा एबी ५४० कायदा आहे: साधारण तीन वर्षं तिथल्या शाळेत शिकून पदवी घेतली असेल तर राज्यातल्या मुलांचीच फी. राज्याच्या मदतीसाठी फाफ्साऐवजी कॅलिफोर्निया ड्रीम अ‍ॅक्टचा अर्ज. न्यू जर्सीत २०१३ पासून स्थानिक फी आणि २०१८ पासून राज्याची मदतही मिळते.

उलट दिशेचंही पाहा. टेक्सासने २००१ मध्ये, देशात सर्वांत आधी, हा दिलासा दिला होता, तोही रिपब्लिकन गव्हर्नरच्या सहीने. ४ जून २०२५ रोजी केंद्राने दावा लावला आणि राज्याने त्याच दिवशी मान तुकवली. फ्लोरिडानेही १ जुलै २०२५ पासून सवलत काढली. म्हणजे ऑस्टिनला प्रवेश मिळेल, पण बाहेरच्या राज्याच्या फीने.

५. डाका आहे ना? मुलगी आत्ता बारावीत आहे, अर्ज करू का?

नाही. १५ जून २०१२ ला ओबामांनी डाका (लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि वर्क परमिट) जाहीर केलं तेव्हाची अट होती की १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेत राहत असायला हवं. तुमच्या मुलीचा तेव्हा जन्मही झालेला नसेल. शिवाय कोर्टाच्या आदेशामुळे २०२१ पासून नवे अर्ज घेतात, पण मंजूर करत नाहीत. ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांचं दर दोन वर्षांनी नूतनीकरण होतं.

मी यावर अडून बसते कारण कॉलेजांची माहितीपत्रकं, जुने लेख, अगदी मंडळातल्या ताई-दादांचे अनुभव, सगळे डाकाच्या काळातले आहेत. त्या पिढीला वर्क परमिट होतं. ती शिकली, नोकरीला लागली, लायसन मिळालं. आता कॉलेजला निघालेल्या मुलांकडे त्यातलं काही नाही, आणि त्यांना ‘तो अमुक गूगलमध्ये लागला की’ असं सांगणं म्हणजे फसवणं आहे.

६. मुलगा येत्या मार्चमध्ये १८ चा होतोय. काही बदलतं का?

सगळं बदलतं. हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो म्हणून तो मी इथे मुद्दाम घेते.

अठराव्या वाढदिवसापर्यंत मुलाच्या नावावर ‘बेकायदा वास्तव्य’ मोजलं जात नाही. अठरा पूर्ण झाले की मोजणी सुरू. त्यानंतर १८० दिवसांपेक्षा जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही. एक वर्ष किंवा जास्त राहून सोडला तर दहा वर्षं. ही बंदी बाहेर पडल्यावर लागते, राहताना नाही.

म्हणजे साडेअठराच्या आत एक खिडकी असते. त्या आत भारतात जाऊन, अमेरिकी कॉलेजच्या आय-२० वर (प्रवेशाचं प्रमाणपत्र) मुंबईच्या कॉन्सुलेटमधून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) मागता येतो आणि वरची बंदी लागत नाही. व्हिसा मिळेलच असं मुळीच नाही. आईवडील तिकडे ओव्हरस्टे करून राहिलेत हे अधिकाऱ्याला दिसतं, आणि मुलगा शिकून भारतात परतेल हे त्याला पटवायचं असतं. नाकारला तर मुलगा पुण्यात आजीकडे आणि आईवडील एडिसनमध्ये, त्यांना भेटायला निघता येत नाही. काही घरांनी हा जुगार खेळायचं ठरवलं, काहींनी नाही. दोन्ही मला समजतात. पण अकरावीत असताना वकिलासमोर बसून ठरवणं वेगळं आणि साडेअठरा उलटल्यावर कळणं वेगळं.

आणखी एक: १८ ते २५ वयाच्या पुरुषांनी सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये (सैन्यभरतीची नोंदवही) नाव नोंदवायचं हा नियम कागद नसलेल्यांनाही लागू आहे. सैन्यात नेत नाहीत, पण पुढे कधी नागरिकत्वाची वेळ आली तर विचारतात.

७. हार्वर्डने प्रवेश दिला तर हार्वर्डच एफ-१ करून देईल ना?

नाही. विद्यापीठ आय-२० देऊ शकतं, स्टेटस देऊ शकत नाही. अमेरिकेत बसून एफ-१ मध्ये बदलायचं तर आधीचं स्टेटस चालू हवं. ते नसेल तर बाहेर जावं लागेल, आणि मग प्रश्न ६ ची बंदी. कितीही मोठ्या विद्यापीठाचं पत्र असलं तरी यात फरक पडत नाही. विद्यापीठाकडे वकील मात्र असतात: हार्वर्ड लॉ स्कूलचं इमिग्रेशन क्लिनिक तिथल्या विद्यार्थ्यांना फुकट मदत करतं, कॅलिफोर्निया विद्यापीठाचंही असं केंद्र आहे. पोचल्याच्या पहिल्या महिन्यात अपॉइंटमेंट घ्या.

८. हातखर्चाला कॅम्पसवर काम करता येईल?

पगारी नाही. १९८६ च्या कायद्यापासून प्रत्येक मालकाला आय-९ (कामाचा हक्क तपासणारा फॉर्म) भरून घ्यावा लागतो आणि लायब्ररीही मालकच आहे. मदतीच्या पत्रात ‘विद्यार्थ्याची कमाई’ म्हणून दोन-तीन हजारांचा आकडा असेल तर आर्थिक मदत कार्यालयाला स्पष्ट सांगा. अनेक ठिकाणी ती रक्कम ग्रँटमध्ये बदलून देतात, पण विचारल्याशिवाय नाही.

फेलोशिप आणि संशोधन शिष्यवृत्ती मात्र पगारात मोडत नाहीत, कारण त्या बदल्यात नोकरी नसते. उन्हाळ्यात मित्र न्यूयॉर्कच्या बँकांत इंटर्नशिप करतात तेव्हा या मुलांनी प्राध्यापकाकडे असं काही शोधलेलं बरं. ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते ‘फुकट करतो’ म्हणणंही अडचणीचं असतं.

९. एका फॉर्मवर ‘सिटिझन’ला टिक केली तर कोण बघतंय?

आज कुणी बघणार नाही. पंधरा वर्षांनी ग्रीन कार्डच्या मुलाखतीत बघतील.

स्वतःला अमेरिकी नागरिक म्हणवणं, ३० सप्टेंबर १९९६ नंतर, असा डाग आहे जो जवळजवळ कशानेच पुसला जात नाही. व्हिसा संपून राहणं पुढे एखाद्या मार्गाने माफ होऊ शकतं, हे सहसा नाही. कॉलेजच्या वयात हा धोका तीन ठिकाणी भेटतो: नोकरीचा आय-९ फॉर्म, लायसन काढताना पुढे सरकवलेला मतदार नोंदणीचा कागद, आणि कॅम्पसवर टेबल मांडून बसलेले उत्साही विद्यार्थी, ‘रजिस्टर टु व्होट!’ म्हणत. हसून पुढे जायचं. कारण सांगायची गरज नाही.

१०. सुट्टीत विमानाने घरी यायचं की नाही?

मुदतीतला भारतीय पासपोर्ट देशांतर्गत विमानाला ओळखपत्र म्हणून चालतो. ७ मे २०२५ पासून रिअल आयडी (केंद्राच्या निकषांचं ओळखपत्र) सक्तीचा झाला तरी हे बदललं नाही. पण ‘चालतो’ आणि ‘सुरक्षित आहे’ यांत आता मोठं अंतर आहे. २०१० मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याला सॅन अँटोनियोच्या विमानतळावर पकडलं, गाजावाजा झाला आणि सरकारने त्याला पाठवणं थांबवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये बॅब्सन कॉलेजची १९ वर्षांची विद्यार्थिनी थँक्सगिव्हिंगला घरी जायला बोस्टनच्या विमानतळावर आली, तिथे अटक झाली आणि दोन-तीन दिवसांत ती होंडुरासला होती. तिच्या नावावर लहानपणीचा हद्दपारीचा आदेश होता.

म्हणून विमानाआधीचा प्रश्न: तुमच्या नावावर जुना आदेश आहे का? आईवडिलांनी कधी असायलमचा (आश्रयाचा) अर्ज केला होता, तो फेटाळला गेला, तारखेला कुणी गेलंच नाही, अशा घरांत मुलांना बहुधा काही सांगितलेलं नसतं. आईवडिलांनो, सांगा. वकील तपासून देतो.

ट्रेन, बस, गाडी हे पर्याय आहेत. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये स्टेटस नसतानाही ड्रायव्हिंग लायसन मिळतं.

११. कॅम्पसवर आईसचे (इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याचे) लोक येऊ शकतात का?

शाळा-कॉलेजांत शक्यतो कारवाई करू नये, असं आधी धोरण होतं. ते जानेवारी २०२५ मध्ये रद्द झालं. सार्वजनिक जागेत ते येऊ शकतात. होस्टेलच्या खोलीत शिरायला न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट लागतं. आईसच्या अधिकाऱ्याचीच सही असलेला कागद त्यासाठी पुरत नाही. तुमची शैक्षणिक नोंद १९७४ च्या फेर्पा कायद्याने झाकलेली असते, कोर्टाचा आदेश आल्यास मात्र ती द्यावी लागते.

१२. रूममेटला सांगावं का? आई म्हणते कुणालाच सांगू नकोस.

आईने वीस वर्षं घर सांभाळलं ते गप्प राहूनच, त्यामुळे तिचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. पण कॉलेजात गप्प राहण्याची किंमत वेगळी असते. मित्र स्प्रिंग ब्रेकला कॅनकूनला निघतात, तुम्ही ‘अभ्यास आहे’ म्हणता. बारमध्ये आयडी मागतात, तुम्ही घरी राहता. दुसऱ्या वर्षापर्यंत सगळ्यांना वाटतं की तुम्ही माणूसघाणे आहात.

कुणाला सांगायचं ते कामावरून ठरवा. आर्थिक मदत कार्यालय, वकील, आणि डीन ऑफिसमधली जबाबदार व्यक्ती, यांना सांगावंच लागतं. मित्रांत एक-दोन, ओळख मुरल्यावर. लिहून नाही, तोंडी. आणि आपलं सांगताना आईवडिलांचंही सांगून टाकतो आहोत हे लक्षात ठेवा, त्यांना आधी विचारा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सांगायची मात्र काही गरज नाही.

१३. सेमिस्टर अब्रॉड, ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती, हे विसरायचं का?

बहुतेकांनी हो. जायला कुणी अडवत नाही, परतता येत नाही (प्रश्न ६).

डॅन-एल पदिया पेराल्ता यांची गोष्ट यासाठी माहीत हवी. डोमिनिकन रिपब्लिकमधून चार वर्षांचे असताना आले, व्हिसा संपला, न्यूयॉर्कच्या बेघरांच्या निवाऱ्यात काही काळ गेला, शिष्यवृत्तीवर मॅनहॅटनच्या नामांकित शाळेत आणि तिथून प्रिन्स्टनला. विषय ग्रीक-लॅटिन. २००६ मध्ये ते त्या वर्गाचे सॅल्युटेटोरियन झाले, म्हणजे पदवीदानात लॅटिनमधून भाषण करण्याचा मान त्यांचा. ऑक्सफर्डची शिष्यवृत्तीही मिळाली, आणि गेलो तर दहा वर्षं परतता येणार नाही हेही माहीत होतं. त्यांनी आपलं स्टेटस वर्तमानपत्रातून उघड केलं आणि गेले. पुढे विशेष सूट मिळून परतता आलं, स्टॅनफर्डला डॉक्टरेट झाली, आणि आज ते प्रिन्स्टनमध्येच प्राध्यापक आहेत. ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्यांच्यामागे विद्यापीठ, वकील आणि देशभराची प्रसिद्धी होती हे कमी लोक सांगतात. २००६ ची हवाही वेगळी होती.

डाका असेल तर अ‍ॅडव्हान्स पॅरोल नावाची, बाहेर जाऊन परतण्याची परवानगी आहे, तीही सरकारच्या मर्जीवर. २०१८ मध्ये हार्वर्डचे जिन पार्क ऑक्सफर्डची रोड्स शिष्यवृत्ती मिळवणारे पहिले डाकाधारक ठरले, तेव्हा ही परवानगी बंद होती आणि परत येता येईल का हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

१४. आमची मुलगी एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे, सगळं कायदेशीर. आम्हाला यातलं काही लागू नाही ना?

२१ व्या वाढदिवसापर्यंत नाही. त्या दिवशी एच-४ संपतं. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग एवढी लांब आहे की वडिलांचा नंबर लागण्याआधी मुली मोठ्या होतात. २००२ च्या बाल दर्जा संरक्षण कायद्याने वयातून काही महिने वजा होतात, पण १५ ऑगस्ट २०२५ पासून वय मोजण्याची पद्धत पुन्हा कडक झाली आहे.

मुदतीत असतानाच एफ-१ चा अर्ज करा, शेवटच्या महिन्यात नाही. एच-४ वर कॅम्पसवर काम करता येत नाही, एफ-१ वर आठवड्याला २० तास करता येतं, हा फायदाच. आणि डाका यांना कधीच नव्हतं: १५ जून २०१२ ला ज्यांच्याकडे कायदेशीर स्टेटस होतं ते त्यातून वगळलेले. नियमाने राहिल्याची ही शिक्षा आहे असं पालक म्हणतात, आणि मला त्यावर उत्तर सुचत नाही.

१५. माझा एफ-१ होता, एक सेमिस्टर कोर्स कमी पडले आणि रेकॉर्ड बंद झालं. मी आता अनडॉक्युमेंटेड का?

स्टेटस गेलं, पण प्रश्न ६ मधली मोजणी लगेच सुरू होते असं नाही. एफ-१ वर ठरावीक तारखेऐवजी ‘शिक्षण चालू असेपर्यंत’ प्रवेश दिला असेल तर सरकारने किंवा न्यायाधीशाने उल्लंघन अधिकृतपणे ठरवल्यावर ती सुरू होते. पाच महिन्यांच्या आत आय-५३९ या फॉर्मवर रीइन्स्टेटमेंट (स्टेटस परत मिळणं) मागता येते. आजच इंटरनॅशनल ऑफिसला जा. मधल्या काळात काम करू नका, नाहीतर आगीतून फुफाट्यात.

१६. मोठ्याला कागद नाहीत, धाकटी इथे जन्मली. तिने फाफ्सा भरला तर आमचं नाव सरकारकडे जाईल?

तिचा हक्क पूर्ण आहे, तुमच्या स्टेटसचा त्यावर परिणाम नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेले आईवडीलही फाफ्सासाठीचं खातं उघडू शकतात. माहिती फक्त मदत ठरवायला वापरावी असं कायदा सांगतो. पण एप्रिल २०२५ मध्ये कर खात्याने आईसशी माहिती देण्याचा करार केला, तो पुढे कोर्टाने अडवला, आणि तेव्हापासून ‘कायदा सांगतो’ एवढ्यावर कुणाला शांत झोप लागत नाही. तिला ज्या कॉलेजांत जायचं आहे ती सीएसएस प्रोफाइलवर स्वतःची मदत देत असतील तर फाफ्सा टाळून किती नुकसान होतं ते त्यांनाच विचारा.

१७. धाकटी २१ ची झाली की सगळ्यांचं होईल ना? किंवा मोठ्याने सिटिझन मुलीशी लग्न केलं तर?

तुम्ही आत कसे आलात त्यावर आहे. व्हिसाचा शिक्का घेऊन आला असाल तर नागरिक मुलगी २१ ची झाल्यावर आईवडिलांसाठी अर्ज करू शकते, आणि व्हिसा संपून राहिल्याचं या एका नात्यात माफ होतं. देश सोडावा लागत नाही. नागरिक पती किंवा पत्नीलाही हेच लागू. सीमा ओलांडून आला असाल तर बाहेर जाऊनच व्हिसा घ्यावा लागतो आणि बंदीतून आधी सूट मागावी लागते.

पण बहीण भावासाठी अर्ज करते तेव्हा ही माफी नाही, आणि भावंडांची रांग भारतीयांसाठी दशकांची आहे. त्यामुळे एकाच घरात आईवडिलांना ग्रीन कार्ड आणि प्रिन्स्टनच्या मुलाला काहीच नाही, असं घडतं. आईवडिलांच्या ग्रीन कार्डावरून पुढे मुलासाठी अर्ज होतो का, असं लगेच विचारतात. तो होतो, पण त्याच्या ओव्हरस्टेला त्यात माफी नसते.

लग्न खरं असेल तरच करा. खोट्या लग्नाचा ठपका बसला तर पुढचे सगळे अर्ज अडतात, खऱ्या लग्नाचाही.

१८. पदवी मिळाली. पुढे?

वर्क परमिट नसेल तर नोकरी नाही, डिग्रीवर कुणाचंही नाव असलं तरी. पीएचडी हा अनेकांचा मार्ग आहे, पण तिथे शिकवण्याचा पगार असतो, त्यामुळे निव्वळ फेलोशिपवर घेतात का हे अर्जाआधी विचारा. वकिलीची सनद काही राज्यांत मिळते: कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये स्टेटस नसलेल्या एका उमेदवाराला ती दिली. सनद असून कुणाच्या फर्ममध्ये नोकरी करता येत नाही, हा तिढा तिथेही राहतोच. वैद्यकीय शाखेत शिकागोच्या लोयोलाने डाकाधारकांना उघडपणे घेतलं, पण रेसिडेन्सी (पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) ही नोकरी आहे, म्हणून डाका नसेल तर तो रस्ता चौथ्या वर्षानंतर बंद होतो.

भारतात परतून नोकरी करणं, किंवा तिथून कॅनडा-युरोपात पुढचं शिक्षण, हाही पर्याय आहे आणि त्याला हार म्हणू नका. दहा वर्षांची बंदी अमेरिकेची आहे, इतर देशांची नाही. निघण्याआधी पदवी प्रमाणपत्राच्या आणि ट्रान्सक्रिप्टच्या सही-शिक्क्याच्या प्रती घ्या, त्यांवर अपोस्टील (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करून घ्या.